कंपनी बाहेरची, जबाबदारी इथली

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या बाजारात बाहेरच्या कंपनीची शोरूम उघडली की कुणीतरी विचारतोच, ‘कंपनी मुंबईची, मग हिला गोव्यात धंदा करायला परवानगी कोणी दिली?’ तर अशी वेगळी परवानगी लागतच नाही. अमेरिकेत एका राज्यातल्या कंपनीला दुसऱ्या राज्यात बस्तान बसवायचं तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. आपल्याकडे कंपनी कायदा देशभर एकच. पुण्यात नोंदलेली कंपनी म्हापशातही तेवढीच कायदेशीर.

मात्र इथे दुकान थाटलं की इथले नियम आलेच. पालिकेचा किंवा पंचायतीचा परवाना हवा. जीएसटीची नोंदणी राज्यागणिक वेगळी. गोव्यातल्या दुकानाच्या बिलावरचा क्रमांक ३० या आकड्यांनी सुरू होतो. २७ दिसले तर बिल महाराष्ट्रातल्या नोंदणीवर फाडलंय, हे ओळखा. शिवाय कंपनी कायद्याच्या १२व्या कलमानुसार कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता दुकानाबाहेर ठळक लावावा लागतो, तोही स्थानिक लिपीत. म्हणजे आपल्याकडे देवनागरीत. किती जण लावतात, ते जाता-येता बघा!

आता खरी मेख. बिलाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं: ‘सर्व वाद मुंबई न्यायालयाच्या अधीन’. ते वाचून माणूस गप्प बसतो. पण १९९१ साली पटेल रोडवेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकाली काढला. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत, माल सोपवला तमिळनाडूतल्या शाखेत. न्यायालय म्हणालं, जिथे शाखा आहे आणि वादाचं कारणही तिथेच घडलं, तिथेच दावा चालेल; मुंबईच्या न्यायालयाला मुळात नसलेला अधिकार छापील ओळीने मिळत नाही. व्यापाऱ्यांनी, वाहतूकदारांशी व्यवहार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

घरगुती ग्राहकाचं काम तर आणखी सोपं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीची गोव्यात शाखा असो वा नसो. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फीसुद्धा नाही. मुदत दोन वर्षांची. तेव्हा चवथीला घेतलेल्या फ्रीजचं बिल जपून ठेवा. कंपनीला नोटीस पाठवायचा पत्ता त्यावरच सापडेल.