सातपुड्याच्या पायथ्याचा रस्ता

मंडळी, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आपल्या रोजच्या पायाखालचा आहे. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, अडावद, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा. पुढे गुजरातेत डेडियापाडा, नेत्रंग आणि मग अंकलेश्वर. ही नावं आपण एसटीच्या पाटीवर वाचत मोठे झालो. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की हा रस्ता जिथून जातो तिथूनच का जातो.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. तापीच्या काठाकाठाने वाट काढावी, तर तिथे गाळाच्या जमिनीत पावसाने चिरलेल्या खोल घळी आहेत. गाडीबैल तिथे उतरवायचे कसे आणि चढवायचे कसे? डोंगराला अगदी चिकटून जावं, तर गोटे आणि जंगल. मधला पट्टा सपाट, काळ्या मातीचा, आणि विहीर खणली की पाणी लागणारा. वाट त्या पट्ट्यातून पडली. माणसाला आणि जनावराला मुक्कामाला पाणी हवं, एवढं साधं कारण त्यामागे आहे.

ती पडली कधी? फिरोजशहा तुघलकाने 1370 साली मलिक राजाला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली. दोन्ही गावं आजच्या शिरपूर तालुक्यातली. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याची सुरुवात तिथली. थाळनेरला त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत. पुढे मलिक राजाच्या मुलाने, नासिरखानाने, बऱ्हाणपूर वसवलं. एका घराण्याच्या या दोन ठाण्यांना जोडणारी वाट म्हणजे आपल्या रस्त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग. मोगलांच्या काळात सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापार नवापूर, नंदुरबार करत थाळनेरला तापी उतरायचा आणि या वाटेला लागायचा. इंग्लंडच्या राजाचा वकील, म्हणजे राजदूत, सर टॉमस रो नोव्हेंबर 1615 मध्ये असाच गेला. त्याच्या रोजनिशीत थाळनेर, चोपडा, अडावद, रावेर हे मुक्काम ओळीने सापडतात. चोपड्याला त्याने गावात यायला नकार देऊन बाहेर तंबू ठोकले. मग डोंगरातल्या लुटारूंच्या भीतीने तीस स्वार आणि वीस बंदूकवाले रात्रभर पहाऱ्याला उभे राहिले. त्याच्या लेखी ते लुटारू. डोंगरातली माणसं त्या व्यापाराकडे कोणत्या नजरेने बघत होती, हे मात्र कुठल्याच रोजनिशीत उतरलेलं नाही, आणि ही उणीव मला फार मोठी वाटते.

पश्चिमेकडचा भाग निराळा. शहादा, तळोदा, अक्कलकुवा हा भिल्ल आणि पावरा मुलुख. तिथे वर्षातली मोठी गर्दी होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराची. शहाद्याच्या परिसरात 1970 नंतरच्या वर्षांत अंबरसिंग सुरतवंतींसारख्या कार्यकर्त्यांनी भूमिहीन आदिवासींना जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभं केलं. रावेरची लेवा गणबोली, मधली अहिराणी, पुढे पावरी आणि भिलोरी हे सगळं एकाच रस्त्यावर ऐकू येतं.

रेल्वेने मात्र या रस्त्याला जवळजवळ बगल दिली. भुसावळहून खंडव्याला जाणारी लाईन सावदा आणि रावेरला स्पर्श करून बऱ्हाणपूरला जाते. सुरतेकडून आलेली तापी व्हॅली रेल्वे 1900 मध्ये अमळनेरला पोचली, ती सगळी तापीच्या दक्षिणेने. यावल, चोपडा, शिरपूर, शहादा यांच्या वाट्याला रूळ आलेच नाहीत. माल असो, पेशंट असो, कॉलेजची पोरं असोत, भार या डांबरावरच पडला. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. पंडित नेहरू अध्यक्ष होते. काँग्रेसच्या स्थापनेपासून एकावन्न वर्षांत खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी त्यासाठी झटले. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू आणि गवतातून अधिवेशननगर सजवलं. हे सारं या रस्त्यावरच्या एका गावाने पेललं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

आता केळी. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही केळी रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात का? पुन्हा पाणीच. सातपुड्यातून उतरणारे नाले पायथ्याशी गोटे-वाळूच्या थरात मुरतात. भूगर्भवाले त्याला बाजाडा म्हणतात. ते पाणी खालच्या विहिरींना मिळतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृगबाग आणि पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग उभी राहते. गेल्या पिढीत उपसा इतका वाढला की विहिरींची जागा खोल बोअरने घेतली.

आणि इथेच रस्त्याचा प्रश्न येतो. सुकी, मोर, गुळी, अनेर, अरुणावती, गोमाई या सगळ्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेला तापीकडे धावतात. आपला रस्ता पूर्व-पश्चिम. म्हणजे प्रत्येक नदी, प्रत्येक नाला तो आडवा कापतो. रस्त्याच्या रुंदीकरणात भराव उंच केला आणि त्याखालून पाणी जायची मोरी अरुंद ठेवली, तर पावसाळ्यात वरच्या शेतात पाणी तुंबतं. मोरीच्या तोंडातून ते एकवटून जोरात सुटलं, की खालच्या शेताची माती जाते. तेव्हा आपल्या गावाच्या हद्दीतला रुंदीकरणाचा नकाशा मागून घ्या. गावातल्या म्हाताऱ्यांना सोबत नेऊन त्यावरचा एकेक नाला तपासा. कोणत्या पुराला पाणी कुठवर आलं होतं, हे त्यांना माहीत आहे. एखादी मोरी राहिली असेल तर ग्रामसभेत लेखी हरकत घ्या, भराव पडायच्या आधी.