फोडणी देल्ली का व म्या?

वर्धा जिल्हा. आर्वीकडचं एक गाव. नोव्हेंबरची सकाळ आहे, पडवीत कालच्या वेचणीचा कापूस छपराला टेकलाय. घरातून एव्हाना लसणाच्या फोडणीचा वास यायला हवा होता. येतोय तो कच्च्या बेसनाचा.

चुलीपुढं बसलेल्या आजी ७२ वर्षांच्या आहेत. त्यांच्या हातची पातोडी गावात नावाजलेली. आधी तेल तापवायचं, मोहरी, जिरं, लसूण-मिरचीचं वाटण. मग पाणी. पाण्याला उकळी आली की बेसन सोडायचं आणि गुठळी होऊ न देता घाटायचं. गोळा घट्ट झाला की तेल लावलेल्या ताटात थापायचा, वड्या पाडायच्या. झणझणीत रस्सा वेगळा. आज आजींनी कढईत पाणी ओतलं, त्यात बेसन टाकलं आणि मोहरीचा डबा हातात धरून त्या थांबल्या. सुनेकडं पाहत म्हणाल्या, "फोडणी देल्ली का व म्या?"

आजींना नातवंडांची नावं पाठ आहेत. पातोडीत काय काय लागतं, तेही विचारलं की धडाधड सांगतात. जिन्नस सगळे आठवतात, पण आधी काय आणि मग काय, ते सुटतं. हा फरक बारीक आहे, पण मेंदूत नेमकं काय बिघडलंय त्याची पहिली खूण तिथंच मिळते.

आपल्याकडं याला एक तयार उत्तर आहे : साठी, बुद्धी नाठी. माझे आजोबा कापूस वेचणाऱ्या बायांचा किलो-किलोचा हिशेब तोंडी ठेवायचे. तो चुकायला लागला तेव्हा आम्हीही घरात हेच म्हणालो. ज्या डॉक्टरांना दाखवलं, तेही म्हणाले, वयाचं आहे. त्या वेळी आजोबांचा बीपी कुणी मोजला नाही. मला आजही ते लागून राहिलंय.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला साधारण सातवा हिस्सा तो एकटा घेतो. हे रक्त मेंदूच्या खोल भागापर्यंत पोचतं ते केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून. संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळीत क्षार साचले की ओळीतलं शेवटचं झाड आधी सुकतं, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं बीपी चढलेला राहिला, जोडीला शुगर असली, की या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात, आतली वाट अरुंद होते. टोकाच्या भागाला रक्त कमी पडतं. त्या खोल भागात मेंदूची वायरिंग असते, एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणारी. ती झिजली की विचार मंदावतो, कामाचा क्रम चुकतो, हिशेब जमत नाही. चालही बदलते, पावलं आखूड पडायला लागतात. कधी एखादी बारीक वाहिनी पूर्ण बंद होते आणि मेंदूत डाळीच्या दाण्याएवढी जागा मरते. पुष्कळदा तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही. लकवा म्हणावं असं काहीच दिसत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही.

आजींचा एमआरआय राशन कार्डाच्या पिशवीत ठेवलेला आहे. सून तो खिडकीच्या उजेडात धरते. मेंदूच्या मधोमध, दोन्ही बाजूंना, पांढरे धब्बे. बारीक वाहिन्यांच्या याच आजाराच्या खुणा.

दुसरा आजार म्हणजे अल्झायमर. तो या फिल्मवर असा उघड दिसत नाही. १९०६ साली जर्मनीत आलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी विसरभोळेपणा आणि भ्रम झालेल्या एका बाईंचा मेंदू, त्या वारल्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या आत गुंते होते आणि पेशींच्या मधल्या जागेत चिकट ठिपके. त्या ठिपक्यांतलं द्रव्य म्हणजे अमायलॉइड. मेंदूतल्याच एका मोठ्या प्रथिनाचा तो तुटलेला तुकडा. तो सगळ्यांच्याच मेंदूत तयार होतो आणि एरवी धुऊन निघतो. निघाला नाही की साचतो, आणि विसर दिसायला लागण्याच्या १५-२० वर्षं आधीपासून साचत असतो. या आजारात बहुधा आधी जाते ती ताजी आठवण : सकाळी कोण आलं होतं, गोळी घेतली की नाही.

म्हातारपणी हे दोन्ही आजार पुष्कळदा एकाच डोक्यात सोबत राहतात. अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती जोगिणींनी (नन) मरणानंतर आपला मेंदू अभ्यासासाठी दिला होता. १९९७ साली त्यातले निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्या पण रक्त तुटून मेलेली एकही जागा नव्हती, त्यांच्यातल्या ५७ टक्के जणींना जिवंतपणी स्मृतिभ्रंश झालेला होता. त्याच खुणांच्या जोडीला खोल भागात एक-दोन बारीक मेलेल्या जागा असल्या, की हा आकडा ९३ टक्के. म्हणजे अमायलॉइड साचलेलं असूनही मेंदू पुष्कळ काळ रेटून नेतो. रक्ताचा पुरवठा तुटला की त्याचा धीर सुटतो.

अमायलॉइड काढणारी औषधं आता निघाली आहेत. त्यातल्या लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. त्यानं आजाराची चाल मंदावते, थांबत नाही. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून द्यावं लागतं आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का, हे बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय. ज्या गावातून तालुक्याला जायचं तर अर्धा दिवस मोडतो, तिथं हे कसं परवडणार? पण बीपीची गोळी गावाच्या उपकेंद्रात फुकट मिळते. मला या आजारात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

आजींनी ती गोळी दोन वर्षं सोडली होती. आशाताईंनी विचारलं तर म्हणाल्या, "बरं वाटते न मले, मंग गोळी काहून घ्याची?" प्रश्न रास्त आहे. बीपी दुखत नाही. ताप उतरला की क्रोसिन बंद करायची, हेच आपण शिकलेलो. ही गोळी मात्र बरं वाटतं तेव्हाच घ्यायची असते.

विसर दिसला की तो स्मृतिभ्रंशच असं नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, कमी ऐकू येणं, मनाची उदासी, यांनीही माणूस हरवल्यासारखा वागतो आणि यातलं पुष्कळसं उपचारानं सुधारतं. आणि मे महिन्याच्या उन्हात म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं, तर तो वेगळा आणि तातडीचा मामला. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

आजींचा मुलगा ४६ वर्षांचा आहे. आशाताई आजींचा बीपी घेत होत्या तेव्हा तो उंबऱ्यात बसून पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. मधल्या वयातला चढलेला बीपी म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलंय. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मोजली, त्यात बीपी आहे, शुगर आहे, तंबाखूचं धूम्रपान आहे. खर्ऱ्यातलं निकोटीनही बीपी चढवतंच. आशाताईंनी त्यालाही हात पुढं करायला लावला. पट्टा फुगला, सैल झाला. १५८ वर ९६.

"हे मशीन बरोबर हाये का जी?" त्यानं विचारलं.

त्या आठवड्यात आणखी दोनदा मोजला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली.

आम्ही महिन्यानं परत गेलो. चुलीपुढं सासू-सून दोघी बसल्या होत्या. सून एकेक पायरी सांगत होती, आजींचा हात चालत होता. तेल. मोहरी. वाटण. बेसन घाटताना मात्र सांगावं लागलं नाही, मनगट आपसूक फिरत होतं. "आता थापा, आई," सून म्हणाली. आजींनी ताटाला तेल पुसलं.

मागच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. आजींच्या गोळीची टिक रोज तारखेखाली निळ्या पेनानं होते. या महिन्यात जवळपास प्रत्येक चौकोनात दुसरी एक लाल टिक आहे. १४ आणि १५ तारखेला लाल नाही. मुलगा म्हणाला, त्या दोन दिवशी कापूस विकायला गेलो होतो, गोळी घरी राहिली. आता एक पत्ता तो शर्टाच्या खिशात ठेवतो.