लढाई संपली, परवाने उरले

पत्रिकेवर विषय छापलाय ‘युद्धाचं कर्ज आणि नागरिकाचं स्वातंत्र्य’. संयोजक म्हणाले, शीर्षक जरा जड होतंय. मी म्हटलं, पुण्यात हलकं शीर्षक दिलं की लोकांना वक्त्याचाच संशय येतो. (हशा) पहिल्या रांगेतल्या दोघांनी मान हलवली, म्हणजे त्यांना आधीपासूनच आहे.

मुद्दा सांगून टाकतो, कारण मी वाहवत जातो हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. लढाईला पैसा लागतो. कर वाढवले तर लोक ओरडतात, कर्जरोखे काढले तर ते घेणारा लागतो. मग सरकार नोटा छापतं. भाव भडकले की खापर व्यापाऱ्यावर फुटतं आणि भाव बांधायला सरकार नवे अधिकार घेतं. लढाई संपते, कर्जही कधीतरी फिटतं. घेतलेले अधिकार कुणी आपण होऊन परत केलेत, असं मला तरी सापडलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाचं घ्या. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं, कायदेमंडळाला विचारण्याची तसदीसुद्धा घेतली नाही. पुढे ठरलं, की हिंदुस्थानच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानने करायचा आणि त्यावरचा बाकीचा ब्रिटनने. ऐकायला रास्त. पण ब्रिटन पैसे देणार कसे? इथे तंबू, कापड, धान्य, जोडे सगळं रुपयांत विकत घ्यायचं आणि त्याबदल्यात लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड मांडून ठेवायचे. त्या पौंडांच्या तारणावर इथे नोटा छापायच्या. पौंड तिकडे गोठलेले, माल आघाडीवर, आणि इकडे नुसता कागद. युद्धाआधी साधारण 180 कोटींच्या नोटा चलनात होत्या, युद्ध संपता संपता त्या 1,100 कोटींच्या पुढे गेल्या. भाव अडीचपट झाले. 1943 साली बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली. त्याची कारणं अनेक आहेत, पण खिशातल्या पैशाचं मोल उतरणं हे त्यातलं एक. भूमिहीन मजुराने हे कर्ज स्वतःच्या पोटातून दिलं आणि त्याच्याकडून कुणी सही घेतली नाही.

या महागाईतून जे कायदे निघाले त्यातला एक आमच्या घरात राहायला आला. भाडेनियंत्रण! सभागृहात घरमालक किती? हात वर करा. आणि जुने भाडेकरू? बरं, चहाच्या वेळी वेगवेगळ्या टेबलांवर उभे राहा. (हशा)

युद्धात मुंबई-पुण्याकडे माणसांची रीघ लागली. घरमालकांनी अवाच्या सव्वा भाडी मागितली, हे खरंच आहे. माझे आजोबाही त्यात नसतील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तेव्हा त्या घडीला कायदा हवा होता. पण 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं ठरवलं ते 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्यावर, आणि घड्याळ तिथेच थांबवलं. कायद्याला मुदत होती. ती संपत आली की वाढवायची, पुन्हा वाढवायची. आमच्या वाड्यातल्या दोन खोल्यांचं भाडं होतं साडेसतरा रुपये. मी शाळेत जात होतो तेव्हा साडेसतरा, मुलाच्या मुंजीला साडेसतरा. भाडेकरू अण्णा सज्जन गृहस्थ, गणपतीला आमच्याकडे आरतीला यायचे. पण भाडं हातात द्यायचे नाहीत. त्यांच्या वकिलाने सांगितलं होतं, पावती मिळाली नाही तर पंचाईत होईल, मनिऑर्डर करा. म्हणजे वरच्या मजल्यावरचा माणूस पोस्टात जाऊन खालच्या मजल्यावरच्या माणसाला मनिऑर्डर करणार! पोस्टमन यायचा, आजोबा चष्मा शोधून सही करायचे, आणि खालच्या तुकड्यावर अण्णांच्या वळणदार अक्षरात ‘सा. न. वि. वि. जुलैचे भाडे’. त्या साडेसतरातून पावसाळ्याआधी कौलं चाळायची! कौलं चाळणारा माणूस एका दिवसाचे त्याहून जास्त घ्यायचा. मग छप्पर गळायचं, अण्णा दुरुस्तीसाठी नोटीस द्यायचे, आणि नोटीस देऊन झाली की आमच्याकडेच कॉफीला बसायचे. आजोबांनी लावलेला दावा वडिलांनी चालवला. वाडा शेवटी बिल्डरकडे गेला. नव्या इमारतीत अण्णांच्या मुलाला रस्त्याकडेचा फ्लॅट, आम्हाला मागचा. (हशा, टाळ्या)

टाळ्या भाडेकरूंच्याच दिसतायत.

1997 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोठवलेलं भाडं आता वाजवी म्हणता येणार नाही. नवा कायदा लागू झाला 31 मार्च 2000 ला, वर्षाला 4 टक्के वाढ. हिटलरला जाऊन तेव्हा जवळजवळ पंचावन्न वर्षं झाली होती.

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ माझं घड्याळ मागे आहे बहुतेक. जे सांगायला आलो ते आता पळत पळत सांगतो.

भाडं हे लहान प्रकरण. ‘डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स’ या युद्धकाळातल्या नियमावलीखाली परकीय चलन, आयात, कंपन्यांचे नवे शेअर या सगळ्यावर सरकारची परवानगी आली. युद्ध संपल्यावर 1947 साली तिघांचेही रीतसर कायदे झाले. भांडवल उभारणीवरचा ताबा 1992 पर्यंत टिकला. परकीय चलनाचा कायदा 1973 मध्ये आणखी कडक झाला. परदेशी निघताना खिशात आठ डॉलर मिळायचे, ते दिवस इथल्या काहींना आठवत असतील. धान्य-कापडावरचा 1946 चा कायदा नावानेच तात्पुरता होता, त्याच्या पोटी 1955 चा अत्यावश्यक वस्तू कायदा आला. तो अजून आहे, लासलगावात कांदेवाल्यांना विचारा. यात फक्त साहेबाला दोष देता येत नाही. 1944 च्या ‘बॉम्बे प्लॅन’ या उद्योगपतींच्या आर्थिक आराखड्यात टाटा-बिर्लांनीच सरकारी नियंत्रणं मान्य केली होती.

राजकीय बाजू त्याच नियमावलीतली. नियम 26 खाली कुणालाही खटल्याविना स्थानबद्ध करता येई. एप्रिल 1943 मध्ये केशव तळपदे खटल्यात फेडरल कोर्टाने तो नियम बेकायदा ठरवला. आठवडाभरात व्हाइसरॉयचा वटहुकूम, नियम पुन्हा जिवंत. स्वतंत्र भारतात 1950 साली स्थानबद्धतेचा कायदा आला तो एका वर्षासाठी. मुदतवाढी घेत 1969 पर्यंत चालला. दोन वर्षांत मिसा हा स्थानबद्धतेचाच नवा कायदा आला, पुढचं आणीबाणीत तुमच्यातल्या काहींनी येरवड्यात पाहिलंय. एकच सरकार सावकार, दुकानदार आणि फौजदार झालं, की त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्या वर्तमानपत्राचा कागदाचा कोटाही त्याच्याच हातात असतो.

दोन मिनिटं. लंडनमध्ये गोठलेल्या त्या पैशाचं काय झालं? युद्धाच्या शेवटी ते सुमारे 1,700 कोटी रुपये होते. ब्रेटन वुड्सच्या आंतरराष्ट्रीय चलन परिषदेत चिंतामणराव देशमुख आणि ए. डी. श्रॉफ यांनी ते मोकळे करून घ्यायची खटपट केली, ब्रिटनच्या बाजूने अर्थतज्ज्ञ केन्सनी ऐकलं नाही. 1948 च्या करारात त्यातूनच इंग्रजांनी मागे ठेवलेल्या लष्करी सामानाचे सुमारे 10 कोटी पौंड आपण मोजले, आणि निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनची तजवीजही त्यातूनच केली. सप्टेंबर 1949 ला पौंडाचं अवमूल्यन झालं आणि उरलेल्या रकमेला डॉलरमध्ये आणखी कात्री लागली. प्रश्न विचारा आता, पण अण्णांच्या मुलाने आधी.