गेटवरचा डबा

(जुळे सोलापुरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत नोव्हेंबरमध्ये झालेलं व्याख्यान. शब्दांकन करताना बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

अध्यक्षांनी मला विषय कळवला होता, 'निवृत्तांचं आर्थिक नियोजन'. त्या विषयावर बँकेची पोरं माझ्यापेक्षा छान बोलतात, आणि जाताना पेनही देतात. तेव्हा मी आज डब्यावर बोलतो. अध्यक्षांनी रागावू नये, पैशाचा विषय त्यात येईलच.

आमच्या कारखान्याचं नाव घेत नाही. काय बनतं तेही सांगत नाही, कारण सोलापुरात तेवढ्यावरून लोक गेटचा रंगसुद्धा सांगतील. तर या कारखान्यात दर दिवाळीला निवृत्त माणसाला एक डबा मिळायचा. अर्धा किलो बालुशाही, अर्धा किलो चिवडा आणि वर घडी घालून ठेवलेला एक टॉवेल. जानेवारीत कॅलेंडर. आतल्या दवाखान्यात महिन्यातून एकदा बीपी आणि शुगर फुकट तपासून मिळायची. जे अधिकारी म्हणून निवृत्त झाले त्यांना वर्षातून चार दिवस गेस्ट हाउसची खोली. यंदा धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी गेटच्या केबिनला, काचेच्या आतल्या बाजूनं, एक कागद चिकटवलेला दिसला. माजी कर्मचाऱ्यांच्या सर्व ऐच्छिक सुविधा चालू वर्षापासून बंद. खाली सही नाही, नुसता शिक्का. आणि कागद आतून लावलेला, म्हणजे वाचायचा तो बाहेर उभं राहून.

सगळ्यांनी तो वाचला असं नाही. आमचे एक अण्णा आहेत, मशीन खात्यातले, 2009 साली निवृत्त झाले. राहायला अक्कलकोट रोडच्या बाजूला. दरवर्षीसारखे इस्त्रीचा शर्ट घालून, शेअर रिक्षानं दोन टप्प्यांत गेटवर आले. केबिनमध्ये एजन्सीचा पोरगा होता, चोवीस-पंचवीसचा. तो म्हणाला, ''काका, लिस्टमध्ये नाव नाय ओ, असं कसं सोडू?'' अण्णा म्हणाले, ''लिस्ट राहू दे. आत बाकड्यावर घटकाभर बसतो की.'' पोरगा म्हणाला, बसायचं पण नाय. अण्णा परत गेले. घरी काय सांगितलं असेल? संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. रिक्षाला ऐंशी रुपये गेले एवढंच ते चारदा बोलले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी संभाजी तलावावर फिरायला दुसरा विषय नाही. आपल्या पिढीला तो अजून कंबर तलावच. आमची तिथं बारा-पंधरा जणांची टोळी असते. माणसं इतकी पेटलेली मी बोनसच्या वाटाघाटीतही पाहिली नव्हती. एकजण म्हणाला, उपोषणाला बसू. दुसरा म्हणाला, वर्तमानपत्रात देऊ. गंमत अशी, की त्या पंधरांतले नऊजण डायबेटिसचे. बालुशाही त्यांना गेली कित्येक वर्षं सुना लागू देत नाहीत. डबा घरी नेला की चिवडा नातवंडं संपवायची, मिठाई धुणंवालीला जायची. आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलणारा जो होता, त्यानं तर स्वाभिमान म्हणून दहा वर्षांत एकदाही डबा उचलला नव्हता. मी म्हटलं, ''मालक, तुमचं काय गेलं?'' तर म्हणाला, ''मी घेत नव्हतो ते वेगळं. त्यांनी द्यायला पाहिजे होता.'' मी तेव्हा हसलो. नंतर बूट काढताना वाटलं, याच्याइतकं नेमकं आपल्यापैकी कोणीच बोललं नाही.

साहेबलोकांचा राग वेगळा. त्यांना खोली गेल्याचं दुःख, पण ते उघड बोलायची लाज. म्हणून ते म्हणायचे, आमचं सोडा हो, कामगारांचा डबा तरी चालू ठेवायला हवा होता. पत्र इंग्रजीत लिहू या असा त्यांचा आग्रह. कामगार म्हणाले, डबा मराठीत खाल्ला, पत्र मराठीत जाईल. यात एक आठवडा गेला.

एका वहिनींचं सांगितलंच पाहिजे. यजमान वारल्यावर त्यांच्या नावाचा डबा त्या घ्यायला येत. कंपनीनं तेवढी माणुसकी ठेवली होती. त्या ना चिडल्या, ना रडल्या. एवढंच म्हणाल्या, ''त्या खिडकीत वर्षातून एकदा यांचं नाव मोठ्यानं घ्यायचे. आडनाव आधी, मग नाव, मग टोकन नंबर.'' घरात ते नाव आता कोण घेणार? रेशनकार्डावरूनही कमी झालेलं.

मी पडलो अकाउंट्सचा माणूस. बोटं वळवळायला लागली. आमचे साधारण चारशे निवृत्त. डबा आणि टॉवेल मिळून साडेतीनशे रुपये धरा. एक लाख चाळीस हजार. ज्या काचेच्या केबिनवर तो कागद लागला ती केबिन नवी आहे, तिला याहून जास्त लागले असणार. मग एवढ्याशा रकमेसाठी का केलं असेल? बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटेल. मला नाही वाटलं, कारण अशी एक नोट मी स्वतः लिहिलेली आहे.

1998 ची गोष्ट. खर्च कमी करा असा वरून आदेश आला होता. मोठ्या खर्चाला हात लावायची कोणाची छाती नव्हती, म्हणून खालून सुरुवात झाली. आमच्या खतावणीत एक सदर होतं, 'किरकोळ कल्याण खर्च'. दवाखान्यातून निवृत्तांना बीपीच्या गोळ्या जायच्या, त्या या सदरात पडायच्या. मी नोट तयार केली. सुवाच्य अक्षरात लिहिलं, की सदर खर्च कोणत्याही करारान्वये बंधनकारक नाही. वाक्य बिनचूक होतं. साहेबांनी त्याखाली लाल शाईनं बरोबरची खूण केली. मला त्या खुणेचा आनंद झाला होता, हे आज तुमच्यासमोर कबूल करतो.

महिन्याभरानं एक जुने जॉबर, म्हणजे खात्यातले मुकादम, खिडकीशी आले. हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट. मला वाटलं भांडतील. ते म्हणाले, ''साहेब, गोळीचे पैसे हायत माझ्याकडं. पण बायकोला सांगून आलतो, कंपनीतनं घेऊन येतो म्हणून.'' मी त्यांना नियम सांगितला. ते 'बरं बरं' म्हणत पाठमोरे झाले आणि चौकातल्या मेडिकलकडं वळले. तेव्हा मी चाळिशीत होतो. मला ते म्हातारे जरा हट्टी वाटले.

आता मीच त्या वयाचा झालो, तेव्हा जरा मोकळं बोलतो. कंपनीत जो माणूस अशी नोट लिहितो, त्याला चारशे चेहरे दिसत नाहीत, सदर दिसतं. आणि 'किरकोळ' हा शब्द सदराला लागला, की तो हळूहळू माणसांना लागतो. त्यात दुष्टपणा असतोच असं नाही. मी दुष्ट नव्हतो. घरी जाऊन मी वडिलांचे पाय चेपत होतो.

आता दुसरी बाजू घ्या. 60 वर्षांवरच्या पुरुषांना रेल्वेच्या तिकिटात 40 टक्के सूट होती, 58 वर्षांवरच्या बायकांना 50 टक्के. 20 मार्च 2020 पासून ती बंद झाली. कोरोनाचं निमित्त होतं, कोरोना गेला, सूट परत आली नाही. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला लेकीकडं जाणाऱ्या आपल्यातल्या कितीकांचे वर्षाला त्यात डब्यापेक्षा जास्त पैसे जातात. पण त्यासाठी कोणाला रात्री झोप लागली नाही असं मी ऐकलेलं नाही. सरकारला चार शिव्या दिल्या आणि पूर्ण तिकीट काढलं. सरकारचं आणि आपलं नातंच तसलं आहे. कारखान्याला मात्र आपण 'आमची कंपनी' म्हणतो. तिनं ते कधीच म्हटलेलं नसतं, पण डबा मिळायचा तोवर तसा समज करून घ्यायला जागा होती.

इथं रेल्वेतून निवृत्त झालेली बरीच मंडळी बसली आहेत. सोलापूर म्हणजे रेल्वेचा विभाग, असणारच. तुमचा पास 1986 च्या पास नियमांत लिहिलेला आहे. कोणाला काढायचा झाला तर आधी नियम बदलावा लागेल, आणि तुमची युनियन तोवर गप्प बसणार नाही. आमचा डबा कुठंच लिहिलेला नव्हता. नोकरीत असताना आम्हाला थोडं तरी संरक्षण होतं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9-अ होतं. वर्षानुवर्षं चालत आलेली सवलत काढायची तर मालकानं कामगारांना 21 दिवसांची नोटीस द्यायची. चौथ्या परिशिष्टात 'रूढ सवलत' तशी नोंदलेलीच होती. पण ते कामावरच्या कामगारांसाठी. हिशेब घेऊन गेटबाहेर पडलेला माणूस त्यात बसत नाही. त्याच्यासाठी काचेवरचा कागद.

पुढच्या महिन्यात, 17 डिसेंबरला, सरकारी पेन्शनर मंडळी पेन्शनर दिन साजरा करतील. 1982 साली त्या तारखेला सर्वोच्च न्यायालयानं नकारा खटल्याचा निकाल दिला. पेन्शन म्हणजे मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नाही, केलेल्या नोकरीतून आलेला तो हक्क आहे, हे त्यात ठासून सांगितलं. पेढे जरूर वाटा. पण आम्ही कारखान्यातली माणसं आहोत फंडाच्या, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शनीत, 1995 च्या योजनेत. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या 8.33 टक्के तिकडं जातात, तेही ठरलेल्या पगारमर्यादेपर्यंतच. ती मर्यादा 2014 पर्यंत 6500 होती. म्हणजे पगार कितीही असो, आमच्या पेन्शनीसाठी महिन्याला जमा व्हायचे 541 रुपये. त्यातून निघून निघून काय निघणार? 1 सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन 1000 रुपये झाली. महागाई भत्ता त्यावर कधीच नव्हता. त्यामुळे ज्याची पेन्शन ज्या आकड्यावर सुरू झाली, तो जवळपास त्याच आकड्यावर बसून आहे आणि तूरडाळ पुढं निघून गेली.

आता मला सांगा, तलावावर महिनाभर डब्यावर भांडलो, त्यात या हजार रुपयांचा विषय कोणी काढला? एकानंही नाही. मीही नाही. त्याचं कारण मी मला असं सांगतो. फंडाच्या ऑफिसात आपला नंबर असतो, गेटवर आपलं नाव होतं. नंबराचा अपमान होत नाही. त्यामुळे जे खरं कमी पडतंय त्याबद्दल आपण थंड, आणि ज्यानं पोट भरत नव्हतं त्यासाठी उपोषणाची भाषा. मी यात लोकांना क्षुद्र म्हणत नाही. पण आपल्या रागाचा पत्ता चुकतो, एवढं माझं मत आहे. पटलं नाही तर चहाच्या वेळी भांडा.

दवाखान्याचंही तसंच. बीपी तपासणी बंद झाली म्हणून जे हळहळले, त्यातल्या बऱ्याच जणांचा पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात होता. निवृत्त होईपर्यंत जो विम्यात होता आणि किमान पाच वर्षं ज्याचा विमा चालू होता, त्याला निवृत्तीनंतरही ईएसआयचा औषधोपचार मिळतो. महिना 10 रुपये, वर्षाचे 120 एकदम भरायचे. नवरा-बायको दोघांना. एका डब्याच्या किमतीत जवळजवळ तीन वर्षं. तलावावरच्या पंधरांत विम्यातले आठजण, त्यात एकानं हे ऐकलं होतं, आणि त्यालाही वाटत होतं की ते बंद झालं. तिथल्या रांगा, तिथली औषधं यावर तुम्ही बोलाल ते मला मान्य आहे. पण हे आपल्या पगारातून भरलेलं आहे, ते काचेवर कागद लावून कोणाला काढता येणार नाही.

शेवटी आम्ही पत्र लिहिलं. मराठीत. मसुदा माझ्याकडं आला, कारण अशी पत्रं कशी बाद करतात ते मला माहीत. पहिल्या मसुद्यात लोकांनी डबा, टॉवेल, कॅलेंडर, सगळं घातलं होतं. मी ते सगळं काढलं. त्यावरून माझ्यावर कंपनीचा माणूस असल्याचा आरोपही झाला. 1998 ची नोट त्यांना माहीत नव्हती, तरी झाला. पत्रात एकच मागणी ठेवली. वर्षातून एक दिवस, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास कॅलेंडर वाटायचे त्याच दिवशी, जुन्या माणसांना कॅन्टीनपर्यंत आत सोडावं. चहाचे पैसे आम्ही देऊ. वारलेल्या कामगारांच्या घरच्यांनाही येऊ द्यावं. वहिनींचं नाव घातलं नाही, पण हे वाक्य त्यांच्यासाठी आहे.

पत्र द्यायला मी अण्णांना बरोबर घेतलं. रिक्षाचे पैसे मी दिले. केबिनमधला तोच पोरगा. त्यानं पत्र घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि टेबलावर ठेवून दिलं. मी म्हटलं, बाळ, पोच दे. त्याला पोच म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. अण्णांनी काचेतून बोट करून त्याला दाखवलं, त्या कप्प्यात आवकचा शिक्का असतो बघ, डाव्या बाजूला. तिथंच होता. पोरानं शिक्का मारला आणि अण्णांना विचारलं, ''तुम्ही इथं होता का काका?'' अण्णा म्हणाले, ''बत्तीस वर्षं.'' पोरानं बाहेर एक खुर्ची आणून ठेवली. अण्णा बसले नाहीत, म्हणाले रिक्षा थांबलीय.

त्याला आज तीन आठवडे झाले. उत्तर नाही. आवक क्रमांक माझ्या वहीत आहे.

आता दोन सूचना. ईएसआयसाठी ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी जुना विमा क्रमांक शोधून आणा. सापडला नाही तरी या, पगाराच्या जुन्या पावतीवर असतो. आणि हयातीचा दाखला. फंडाच्या पेन्शनला तो नोव्हेंबरातच द्यायला हवा असं आता नाही, ज्या दिवशी द्याल तिथून वर्षभर चालतो. तेव्हा बँकेत गर्दी करू नका. आधार आणि पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरचा नंबर, घेऊन पुढच्या गुरुवारी इथंच या, एकाचा नातू मोबाइलवरून करून देणार आहे. ज्यांचे अंगठे उमटत नाहीत त्यांचा चेहरा चालतो.

चहा मागच्या टेबलावर आहे. बिनसाखरेचा डावीकडच्या थर्मासमध्ये. बालुशाही मी आणलीय, ती मोजून आहे.