घसा कुठं दाटला?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला बेळगावात अनगोळच्या आमच्या गल्लीतली एक मुलगी दारात उभी. कॉलेजला जाते, तशी धीट आहे, पण डोळे सुजलेले. मला वाटलं, घरात काही झालं. तर म्हणते, "काका, 'श्वास' बघितला. असलाच अजून एक सांगा की."

'श्वास' २००४चा, म्हणजे पोरीच्या जन्माआधीचा. कोकणातले आजोबा, नातवाच्या डोळ्यांत कॅन्सर, आणि डोळे काढल्याशिवाय पोर वाचणार नाही. तिनं माझ्याआधी मोबाईलला विचारलं होतं. त्यानं दवाखान्याचे पिक्चर काढून दिले. एक तिनं बघितलाही. त्यात पेशंट दोन तास मरत होता आणि ही जांभया देत होती.

मी म्हटलं, बस आधी. घसा कुठं दाटला ते सांग. ऑपरेशनला?

"छे! आजोबा कुणाला न सांगता त्याला दवाखान्यातून बाहेर नेतात बघा, तिथं."

बरोबर. ऑपरेशनच्या आधी पोराला जमेल तेवढं जग दाखवून घ्यायचं, एवढंच त्या म्हाताऱ्याच्या हातात उरलंय. म्हणजे हिला आजारानं रडवलंच नव्हतं. रडवलं ते हतबल मोठ्या माणसानं आणि त्याचं बोट धरून चाललेल्या पोरानं. मग शोधायचं ते हे.

आणि ते सापडतं कुठं, तर थेट इटलीत. 'बायसिकल थीव्हज', १९४८चा, दिग्दर्शक व्हित्तोरिओ डी सिका. रोममधला बेकार बाप. पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, पण सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवते आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. मग बाप आणि छोटा ब्रूनो शहरभर ती शोधत फिरतात. मध्ये एका हॉटेलात बसतात. शेजारच्या टेबलावर श्रीमंताचं पोर चीजची लांब तार ओढत खातंय. ब्रूनो त्याच्याकडं बघतो आणि आपल्या ताटातलंही तसंच ओढून खातो. बाप मात्र पगाराचा हिशेब मांडत बसतो. तो पगार, जो आता मिळणारच नाही. बापाचं काम केलेला माणूस नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता. रडा म्हणून सांगणारं संगीत लागलं की माझे डोळे कोरडेच राहतात. इथं चीजच्या तारेनं पाणी काढलं.

आता आपल्या भागाची एक सोय सांगतो. पुण्याच्या माणसाला कन्नड पिक्चर बघायचा तर खालच्या ओळी वाचाव्या लागतात. आपल्याला बाजारात, बसमध्ये, कचेरीत कन्नड कानावर पडतंच की. ते वापरा. गिरीश कासरवळ्ळींचा 'तबरन कथे' बघा. देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालेला पिक्चर आहे. तबर नावाचा सरकारी शिपाई रिटायर होतो आणि पेन्शनसाठी खेटे घालत राहतो. घरात बायकोला साखरेचा आजार, पायाची जखम चिघळत चाललेली. तबर झालेत चारुहासन, ते मूळचे तमिळ. आपल्या भागात भाषेवरून काय काय होतं ते मी सांगायला नको, पण त्या माणसाचा चेहरा बघताना भाषा आठवतसुद्धा नाही. हीरोचं नाव धरून शोधलात तर हे हाती लागत नाही. दिग्दर्शकाचं नाव धरलंत, तर त्यांच्याच १९७७च्या 'घटश्राद्ध'पर्यंत जाता येतं. तिथंही एक लहान पोर मोठ्यांचं जग बघत उभं आहे.

मुलीनं 'तबरन कथे' आज्जीला घेऊन बघितला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, आज्जी रडली का गं?

"नाही काका. पिक्चर संपल्यावर उठली, कपाटातली पेन्शनची पिशवी काढली, एकेक कागद बघून घेतला आणि परत ठेवून दिली. मग म्हणाली, दिवा बंद कर."

नमस्कार.