मॉड्यूलला हाक मारली कोणी?

(ठाण्यात शनिवारी केलेलं बोलणं, लिहून काढताना थोडं साफ केलंय)

महापेला ऑफिसात लिनक्सची एक मशीन होती, तिच्यावर ग्राफिक्स कार्डाचा नूवो ड्रायव्हर नको होता. लिनक्समधे असे ड्रायव्हर बहुतेक मॉड्यूल म्हणून येतात, म्हणजे कर्नलमधे, सिस्टीमच्या गाभ्यात, लागेल तेव्हा लोड होणारे कोडचे तुकडे. मॉड्यूल लोड करणारी कमांड म्हणजे मोडप्रोब, तिच्या सेटिंगच्या मोडप्रोब डॉट डी फोल्डरमधे मी ब्लॅकलिस्टची, म्हणजे नूवो नको असं सांगणारी, फाईल टाकली, रीबूट केलं, आणि लोड झालेल्या मॉड्यूल्सची यादी दाखवणाऱ्या एलएसमॉडमधे नूवो तसाच बसलेला. स्पेलिंग तपासलं, परत रीबूट, परत तेच. त्या रात्री ठाण्याला घरी पोचायला साडेअकरा झाले, पण तेव्हापासून मी एकच प्रश्न आधी विचारतो, की याला हाक मारली कोणी.

हाक मारायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. तुम्ही यूएसबीचं लॅन अडॅप्टर लावता, कर्नल यूइव्हेंट पाठवतो, म्हणजे नवीन डिव्हाईस आल्याची सूचना, त्यात मोडएलियास नावाची डिव्हाईसच्या ओळखीची ओळ असते, व्हेंडर ०बीडीए, प्रॉडक्ट ८१५३ वगैरे. यूडेव्ह, म्हणजे डिव्हाईस सांभाळणारी सर्व्हिस, ती ओळ मॉड्यूल्स डॉट एलियास फाईलमधे जुळवतो, कुठल्या ओळखीला कुठला मॉड्यूल हे त्या फाईलमधे असतं, तिथे आर८१५२ हा ड्रायव्हर सापडतो आणि तो लोड होतो. दुसरी वाट म्हणजे कर्नलला स्वतःलाच काहीतरी हवं असतं, तुम्ही एखादी फाईलसिस्टीम माउंट करता आणि तिचा कोड आत नसतो, मग कर्नल स्वतःच मोडप्रोब चालवतो, इथे यूडेव्हचा काही संबंध नाही. आणि तिसरी, कुठलीतरी सर्व्हिस किंवा स्क्रिप्ट थेट नाव घेऊन मागते.

ब्लॅकलिस्टचं नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. तो फक्त मॉड्यूलची टोपणनावं, म्हणजे एलियास, पुसतो, त्यामुळे एलियासवरून येणारं लोडिंग थांबतं. खऱ्या नावाने हाक मारली, किंवा दुसऱ्या मॉड्यूलला डिपेंडन्सी म्हणून लागला, तर तो येणारच. बंदीच घालायची तर बूटच्या वेळी कर्नलला दिल्या जाणाऱ्या कमांडलाईनवर मॉड्यूल ब्लॅकलिस्ट हा पर्याय मॉड्यूलच्या नावासकट लिहा, मग कर्नल स्वतःच नकार देतो.

माझ्या केसमधे तर भानगड त्याच्याही आधीच्या टप्प्यावर होती. रूट डिस्क माउंट व्हायच्या आधी इनिट्रॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीची मेमरीतली छोटी फाईलसिस्टीम, चालतो आणि त्यात मोडप्रोबच्या फाईलींची त्याची स्वतःची कॉपी असते, मी डिस्कवर लिहिलेलं त्याला माहितीच नव्हतं, ती कॉपी नव्याने बनवणारी अपडेट-इनिट्रॅमएफएस कमांड चालवून रीबूट केल्याबरोबर नूवो गेला.

हे शोधायला अंदाज नका लावू. यूडेव्हअ‍ॅडम मॉनिटर ही यूइव्हेंट दाखवणारी कमांड प्रॉपर्टीसकट चालू ठेवा आणि डिव्हाईस काढून परत लावा, मोडएलियास समोर येतं, ते मोडप्रोबला रिझॉल्व्ह-एलियास हा पर्याय देऊन विचारा, कुठला मॉड्यूल ते कळतं. तिथे काहीच दिसलं नाही तर कर्नलच्या ट्रेसिंगमधला मॉड्यूल रिक्वेस्ट इव्हेंट चालू करा, माउंटने मागितलं असेल तर प्रोसेसच्या नावाच्या जागी माउंटच दिसेल. मला हा इव्हेंट फार उशिरा कळला, तुम्ही आजच घरी जाऊन करून बघा.

आणि उलटं, येत नसेल तर? स्वतः बिल्ड केलेला मॉड्यूल हाताने इन्समॉड कमांडने लोड केला तर चालतो पण आपोआप येत नाही, असं झालं तर आधी तो लिब मॉड्यूल्समधे चालू कर्नलच्याच फोल्डरमधे आहे ना ते पहा आणि डेपमॉड चालवा, कारण एलियासची फाईल तोच बनवतो.