त्या रात्रीचं सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

स्वभावाला औषध नाही, असं आपण येता-जाता म्हणतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असंही म्हणतो. गॅसवरचं दूध उतू गेलं, की ते कोणामुळे गेलं हे घरातली बाई दुसऱ्या खोलीतून सांगते, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगते. उसने पैसे द्यायचे, सोयरीक जुळवायची, गावाला जाताना किल्ली शेजारी ठेवायची, सगळं आपण स्वभाव बघून करतो. माणूस ओळखता आला नाही, तर संसार चालायचा नाही.

फौजदारी कोर्टात मात्र ही वाट बंद आहे. आरोपीचा स्वभाव वाईट आहे, एवढ्यावरून गुन्हा त्याच्या माथी मारता येत नाही. पुन्हा सांगतो. माणूस वाईट आहे, हा त्यानं गुन्हा केल्याचा पुरावा नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 54 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, पण हा नियम तोच राहिला.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांतली एक केस सांगतो. तालुक्याचं कोर्ट, पत्र्याचं छप्पर. एका निवृत्त गुरुजींच्या विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार रातोरात गेली होती. गावातल्याच एका ऊसतोड कामगारावर आळ होता. मोटार कधी सापडली नाही. त्याला वकील नव्हता, म्हणून कोर्टानं मला नेमलं.

गुरुजी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले. धुवट धोतर, टोपी, हातात छत्री. शपथ घेतली आणि आरोपीकडे बोट करून म्हणाले, "यानंच नेली."

सरकारी वकिलांनी विचारलं, "तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला पाहिजे? चौथीत माझ्या हाताखाली होता. दुसऱ्यांच्या दप्तरातल्या पेन्सिली काढायचा. दोनदा पोलिसांनी नेलाय, एकदा शिक्षा भोगून आलाय. अख्ख्या गावाला विचारा."

मी हरकत घेतली. न्यायाधीश साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. अगदी हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, त्या रात्रीचं सांगा."

गुरुजी थांबले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "त्या रात्री मी झोपलो होतो, साहेब."

खोटं बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. पण बाहेर आल्यावर त्यांनी मला गाठलं. डोळ्यांत पाणी होतं. "छत्तीस वर्षं मी पोरं ओळखली. मला माणूस कळत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांना माणूस कळत होता. फक्त कोर्टाला माणसाबद्दल विचारायचं नव्हतं, एका रात्रीबद्दल विचारायचं होतं. माणसाबद्दल नाही, त्या एका रात्रीबद्दल.

आणि हे बरंच आहे. कायदा जेव्हा स्वभावावर विसंबला, तेव्हा काय झालं ते महाराष्ट्रानं भोगलंय. पुरावा कायद्याच्या एकच वर्ष आधी, 1871 मध्ये, याच इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 1911 च्या कायद्यानं ते मुंबई इलाख्यातही आलं. सोलापुरात या जमातींना ठेवायची तारेच्या कुंपणातली वसाहत, सेटलमेंट, होती, रोजची हजेरी होती. कुंपणात जन्मलेलं तान्हं मूलसुद्धा सरकारी कागदावर संशयित. 1952 मध्ये तो कायदा गेला. पण कुठे चोरी झाली, की आजही पहिली गाडी कोणाच्या पालावर जाते, हे तुम्हाला माहीत आहे. मला याची चीड आहे आणि ती मी लपवत नाही. शाळांच्या सहली किल्ल्यावर जातात, वॉटर पार्कला जातात, कोर्टात का नेत नाहीत? कोर्ट सगळ्यांना उघडं असतं. मुलांनी एक दिवस मागच्या बाकावर बसून ऐकावं, "पाहिलंत का?" हा प्रश्न कसा विचारतात ते.

तर, त्या केसकडे येतो. दुसऱ्या तारखेला आरोपीची बायको आली. कडेवर पोर. तिनं पोलक्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून चार घड्यांची चिठ्ठी. ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमानं वहीच्या कागदावर लिहून दिली होती: हा कोयता आठ हंगाम आमच्या टोळीत आहे, उचल घेऊन कधी पळाला नाही. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले पैसे. ती म्हणाली, "एवढं साहेबांना दाखवा."

ऊसतोडीत याहून मोठा दाखला नाही. तरी मी ती चिठ्ठी परत केली. कारण कायद्यात आणखी एक मेख आहे. आरोपीचा चांगुलपणा पुराव्यात येऊ शकतो. पण आपण तो आणला, की समोरच्याला वाईटपणाही आणता येतो. एरवी आधीची शिक्षा कोर्ट बघतं ते गुन्हा शाबित झाल्यावर, नवी शिक्षा ठरवताना. मी चिठ्ठी दिली असती, तर त्याची आधीची शिक्षा त्याच दिवशी टेबलावर आली असती. चांगलं आणलं, की वाईटही येतं, हे लक्षात ठेवा.

तिला हे कसं समजवायचं? ती म्हणाली, "वकीलसाहेब, तुम्ही आमच्याकडनं हायसा का त्यांच्याकडनं?" त्यानंतर निकालापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

तो सुटला. मोटार त्यानं नेली होती की नाही, मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

निकालाच्या दिवशी व्हरांड्यात तिनं पुन्हा ती पिशवी काढली. माझ्याकडे न येता थेट गुरुजींपुढे जाऊन उभी राहिली आणि चिठ्ठी पुढे केली. गुरुजींनी छत्री काखेत धरली, चष्मा लावला. दोनदा वाचली. होत्या त्याच घड्या घालून तिच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "मुकादमाचं अक्षर चांगलं आहे. कुठल्या शाळेत होता?"